मदत हवी आहे: आईच्या मायट्रल व्हॉल्व्हला क्लिप लावावी की आधी औषधंच वाढवावीत?

नमस्कार मंडळी,

आई ७६ वर्षांची, साताऱ्याला असते. पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलाय, ईएफ (हृदयाची रक्त ढकलायची ताकद) ३२ टक्के. आता इकोत मायट्रल व्हॉल्व्हची (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली झडप) गळती 'सिव्हिअर' आली आहे. जिना चढताना धाप लागते, रात्री दोन उशा लागतात, पायावर सूज.

पुण्यातले डॉक्टर म्हणतात, छाती उघडून ऑपरेशन तिला झेपणार नाही. जांघेतल्या शिरेतून नळी घालायची, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधला पडदा भेदून डावीकडे जायचं आणि झडपेच्या पाकळ्या मधोमध क्लिपने धरायच्या; दोरीवरच्या कपड्याला चिमटा लावतात तसं. दुसरे डॉक्टर म्हणतात, आधी औषधांचा डोस वाढवू, मग बघू. दादाला लगेच करायचंय, मला ती घाई वाटते. आईचा विमा नाही, त्यामुळे एक क्लिप की दोन, हाही प्रश्न आहेच. कुणाच्या घरी हे केलंय का?

प्रतिसाद:
ताई, सासऱ्यांच्या वेळी आम्हीही याच पेचात होतो. २०१८ मध्ये या क्लिपचे दोन मोठे अभ्यास आले. फ्रान्सच्या 'मित्रा-एफआर'मध्ये (३०४ पेशंट) क्लिपने काही फरक पडला नाही. अमेरिका-कॅनडाच्या 'कोऑप्ट'मध्ये (६१४ पेशंट) मात्र दोन वर्षांतले मृत्यू औषधांवरच ठेवलेल्यांत ४६ टक्के, तर क्लिपवाल्यांत २९ टक्के. कोऑप्टमध्ये सोसतील तेवढी औषधं देऊनही गळती आणि त्रास उरलेलेच लोक घेतले होते, फार ताणलेली हृदयं वगळली होती. त्यामुळे दुसरे डॉक्टर टाळाटाळ करत नाहीत, असं मला वाटतं.

विचारा: पाकळ्याच बिघडल्यात, की हृदय फुगल्यामुळे त्या नीट मिटत नाहीत? पहिल्या प्रकारात औषधांनी झडप दुरुस्त होत नाही. दुसऱ्यात औषधांनी, ईसीजीत एलबीबीबी (हृदयाच्या डाव्या बाजूला विजेचा संदेश उशिरा पोचणं) असेल तर सीआरटी पेसमेकरनेही (हृदयाच्या दोन्ही बाजूंचे ठोके जुळवणारा), गळती कमी होऊ शकते. क्लिप बसेल का, किती लागतील, याचा अंदाज घशातून करायच्या इकोवर (टीईई) येतो. तो झाल्याशिवाय खर्चाचा आकडा धरून बसू नका.

धागाकर्ती:
खूप आभार! हृदय फुगल्यामुळेच झडप गळतेय म्हणाले. पण वरचं बीपी ९० च्या वर जात नाही, औषधांनी ते आणखी उतरेल म्हणून डोस अडलाय.

प्रतिसाद:
मग 'सोसतील तेवढी' मर्यादा कदाचित आलीच असेल. ती खरंच आली का, हे हार्ट फेल्युअर बघणाऱ्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि त्यानंतरचा नवा इको घेऊनच क्लिपवाल्यांकडे जा. दादांनाही सोबत न्या.