ड्रिलचा दिवा लागतो, पण मोटर फिरत नाही: दोष बॅटरीत आहे की आत?

हौशी सुतार (प्रश्न)

माझ्याकडे १८ व्होल्टचे, कार्बन (फिरत्या भागावर घासून त्याला वीज पोहोचवणारे तुकडे) असलेल्या मोटरचे कॉर्डलेस ड्रिल आहे. गेल्या महिन्यात गच्चीवरील शेडसाठी भिंतीला भोके पाडत असताना ते मध्येच थांबू लागले. आता ट्रिगर दाबल्यावर पुढचा छोटा दिवा लागतो, पण चक (बिट धरणारा पुढचा जबडा) फिरत नाही; मोटरच्या जागी बाहेरून चापट मारली, तर कधी कधी चालू होते. दुरुस्तीच्या दुकानात ड्रिल न उघडताच ‘बॅटरी गेली, नवी घ्या’ असे सांगण्यात आले. नवी बॅटरी ड्रिलच्या निम्म्या किमतीला पडते, म्हणून ती घेण्यापूर्वी स्वतः उघडून पाहावे असा विचार आहे. मल्टीमीटर आहे आणि सोल्डरिंगही जमते. सुरुवात कुठून करावी?

जुना फिटर

चापट मारल्यावर चालू होणारे ड्रिल बॅटरीकडे बोट दाखवत नाही, पण अंदाजावर न जाता विजेच्या वाटेने बॅटरीपासून मोटरपर्यंत जावे. दिवा लागतो म्हणजे बॅटरी चांगली, असे मात्र समजू नका. दिव्याला काही मिलीअँपिअर पुरतात, तर मोटर भाराखाली दहा-वीस अँपिअर ओढते. तुमच्या बॅटरीत एकापाठोपाठ एक जोडलेले पाच लिथियम सेल असणार, त्यामुळे पूर्ण भरल्यावर २१ व्होल्टच्या आसपास आकडा दिसायला हवा. गाडीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट, २१ वॅटचे दोन बल्ब एकापुढे एक जोडून बॅटरीवर लावा आणि ते पेटलेले असतानाच व्होल्टेज मोजा. मिनिटभरात आकडा १५-१६ पर्यंत कोसळला, तर एखादा सेल गेलेला आहे. १९ च्या वर टिकला, तर आत पाहायला हरकत नाही. बॅटरीचे खोके स्वतः उघडू नका.

ड्रिल उघडताना बॅटरी काढून ठेवा. स्क्रू बहुधा चांदणीच्या खाचेचे असतात आणि त्यांची लांबी सारखी नसते. मी ते इडलीपात्राच्या खळग्यांत, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने ठेवतो (घरच्यांचा याला विरोध आहे). वरचे कवच उचलताच एक फोटो काढा, विशेषतः उलट-सुलट फिरवण्याच्या खटक्याचा, कारण त्याची दांडी स्विचच्या खुंटीत नीट बसली नाही तर जोडलेले ड्रिल पुन्हा बंदच राहते. चक काढण्याच्या फंदात पडू नका. त्याच्या आतला स्क्रू उलट्या आट्यांचा असतो आणि या कामासाठी तो सोडवण्याची गरजही नाही. गिअरबॉक्स उघडला, तर क्लचचे छर्रे खोलीभर होतील.

आता टर्मिनल जागेवर बसवून बॅटरी लावा, मोटर हाताने घट्ट धरा, ट्रिगर पूर्ण दाबा आणि मोटरच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. अर्धवट दाबल्यास स्विच वीज तोडून तोडून सोडतो, त्यामुळे आकडा फसवा येतो. पूर्ण व्होल्टेज येऊनही मोटर स्तब्ध असेल, तर दोष मोटरचा; काहीच येत नसेल, तर स्विचचा. शेवटी बॅटरी काढा, मोटरची एक तार सोडवा आणि चक हाताने हळूहळू फिरवत मोटरचा रोध पाहा.

वाइंडिंगवाला

वरील उत्तरात दोन दुरुस्त्या सुचवतो. आजकालच्या बहुतेक ड्रिलमध्ये स्पिंडल (चक बसवलेली दांडी) आपोआप अडकते, त्यामुळे चक फिरवून मोटर फिरत नाही. मोटर गिअरबॉक्सपासून वेगळी करून तिचा छोटा दातेरी गिअर बोटांनी फिरवावा लागतो. दुसरे असे की, स्विचचे जळके संपर्क नुसत्या मल्टीमीटरला पूर्ण व्होल्टेज दाखवतात आणि भार येताच हात वर करतात. म्हणून मोटरच्या टोकांवर तेच दोन बल्ब लावून पाहा. ते तेजाने पेटले, तरच स्विच निर्दोष समजावा. स्विचच्या दोषाची खूण वेगळी असते: ट्रिगर जरासा दाबताच ड्रिल पूर्ण वेगाने सुटते, किंवा अगदी शेवटपर्यंत दाबल्यावरच एकदम फिरते. पहिल्यात आतला मॉस्फेट (वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झालेला असतो, दुसऱ्यात तो उघडा पडून फक्त शेवटचा थेट संपर्क काम करत असतो.

हौशी सुतार

आज सगळे करून पाहिले. बल्ब पेटलेले असताना बॅटरीवर १९.४ व्होल्ट टिकले. मोटरच्या टोकांवरही बल्ब तेजाने पेटले, पण मोटर हलली नाही. मोटर वेगळी करून गिअर बोटांनी फिरवला, तेव्हा रोध कधी १ ओहमच्या आत, तर कधी थेट अनंत दिसत होता. मागच्या झरोक्यातून टॉर्चने पाहिले असता एक कार्बन सिमेंटच्या धुळीने आणि स्वतःच्याच काळ्या भुकटीने खाचेत चिकटलेला आढळला. स्प्रिंग मागून दाबत असूनही तो कम्युटेटरपर्यंत (मोटरच्या फिरत्या भागावरील तांब्याच्या पट्ट्यांपर्यंत) पोहोचत नव्हता. टूथपिकने अलगद ढकलताच तो टक्कन पुढे सरकला. ब्रशने धूळ काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, वाळू दिले, आणि ड्रिल चालू लागले. मात्र दोन्ही कार्बन जेमतेम ३ मिलिमीटर उरले आहेत.

वाइंडिंगवाला

मग ही तात्पुरती सोय समजा. तुमच्या मोटरचे मागचे झाकण दाबून बसवलेले असेल, तर कार्बन सुटे बदलता येणार नाहीत आणि पूर्ण मोटरच बदलावी लागेल. तीही बॅटरीपेक्षा बरीच स्वस्त पडते. दुकानात जाताना जुनी मोटर सोबत न्या, कारण ५५० किंवा ७७५ एवढाच मोटरच्या आकाराचा आकडा सांगून भागत नाही. गिअरचे दाते मोजून तितकेच घ्यावे लागतात. तारा सोल्डर करताना लाल ठिपक्याच्या टोकाला पूर्वीचीच तार येऊ द्या, नाहीतर खटका पुढे दाबलेला असताना चक मागे फिरेल.