मदत हवी आहे: जुना वायर्ड अलार्म, पाऊस लागला की झोन ३ वाजतो

१२ व्होल्टचं जुनं पॅनल. झोन ३ वर (पॅनलला जोडलेला तारांचा एक गट) तीन दारांचे रीड स्विच (चुंबक जवळ असला की जोडलेले राहणारे) सिरीजमध्ये, शेवटच्या दाराशी २.२ किलोओहमचा रेझिस्टर. एरवी लूप (या तारांचं पूर्ण सर्किट) २.२१ किलोओहम दाखवतं, पावसाळी रात्री १.७ पर्यंत उतरतं आणि सायरन सुरू.

७ एएचची बॅटरी नवी आहे, चार्जिंग १३.७ व्होल्ट. लूप काढून पॅनलच्या टर्मिनलवरच २.२ किलोओहम लावला, तर रात्रभर शांत. म्हणजे पॅनल ठीक. स्विच आणि चुंबकातलं अंतर ५ मिमी. मागच्या दाराच्या जॉइंटवर तांब्याला हिरवट गंज होता, तो कापून सोल्डर केला; तरी तेच.

स्विच उघडला तर रेझिस्टन्स वाढायला हवा. इथे उतरतोय, म्हणून दोन तारांमध्ये ओल असावी. केबल प्लास्टरमध्ये आहे, भिंत फोडता येणार नाही. पॅनल, स्विच, रेझिस्टर सगळं सोडवून प्रत्येक तुकडा २५० व्होल्ट मेगरने (तारांचं इन्सुलेशन तपासणारा मीटर) तपासला, तर किती रीडिंगखाली तो बाद धरायचा?