हाताला बसलेलं अवजार : कोडिंगमधले अनुभव सांगा

बारा वर्षं कोड लिहितोय. भाषा बदलल्या, एडिटर बदलले, पण काही अवजारं हातातून सुटली नाहीत. कुठलं भारी आणि कुठलं फालतू हा वाद नको. एखादं अवजार तुमच्या हाताला नेमकं कधी बसलं, तो प्रसंग सांगा. खेळांबद्दल लिहिलंत तरी चालेल, कारण कोडिंगची गोडी आपल्यातल्या कित्येकांना खेळांनीच लावली.

माझ्यापासून सुरुवात करतो. माझं अवजार गिट, कोडमधल्या बदलांची टप्प्याटप्प्याने नोंद, म्हणजे कमिट, ठेवणारं. लिनस टॉरवाल्ड्सने ते 2005 साली लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिलं, हे मला माहीत होतं. पण वापर म्हणाल तर पाठ केलेल्या चार कमांडी. मग रिलीजच्या आदल्या रात्री चुकीच्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या भलत्याच फाट्यावर उभं राहून मी 'रिसेट हार्ड' ही कोड मागच्या स्थितीला नेणारी कमांड मारली. तीन दिवसांचं काम गायब, आणि पुश काहीच केलेलं नाही, म्हणजे सर्व्हरवरही प्रत नाही. हातपाय गार पडले. शेजारच्या खुर्चीतल्या सीनियरने शांतपणे विचारलं, "कमिट केलं होतंस ना?" म्हटलं, हो. "मग जातंय कुठे? रिफ्लॉग बघ."

बघितलं. आपण कुठून कुठे गेलो याची गिटने ठेवलेली यादी. एकाखाली एक ओळी, प्रत्येकीच्या सुरुवातीला सात अक्षरी हॅश, म्हणजे कमिटची ओळखखूण. वरून दुसरी ओळ माझी होती. तिच्यावरून नवी ब्रँच काढली आणि सगळं परत आलं. एक कॉन्फिग फाइल तेवढी कायमची गेली, कारण ती कमिट केलेलीच नव्हती. ब्रँचमधून सुटलेल्या कमिटची नोंद गिट मुळात 30 दिवस सांभाळून ठेवतं, हे त्या रात्री कळलं. तेव्हापासून दर अर्ध्या तासाला कमिट करतो, काम अर्धवट असलं तरी.

*

गिटचाच धागा पुढे नेते. माझा जीव बायसेक्टवर आहे, म्हणजे बिघाड नेमक्या कुठल्या कमिटने आणला ते शोधणाऱ्या सोयीवर.

आमची एक यादी पूर्वी पटकन उघडायची, ती अचानक रेंगाळायला लागली. मागचं रिलीज ठीक होतं आणि मध्ये सातशेच्या आसपास कमिट झालेल्या. प्रत्येक जण दुसऱ्याच्या मोड्यूलकडे बोट दाखवत होता. मी वेळ मोजणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि 'बायसेक्ट रन'ला दिली. दर फेरीला निम्म्या कमिट बाद, म्हणजे सातशेला जेमतेम दहा फेऱ्या. गुन्हेगार निघाली लॉगची, म्हणजे प्रोग्रॅम काय करतोय ते नोंदवणारी, एक साधी ओळ. डीबग लॉग बंद होता, त्यामुळे तिच्यावर कुणाचा संशयच जात नव्हता. पण लॉग छापला जावो न जावो, त्याला द्यायची स्ट्रिंग आधी तयार होत होती, आणि त्यासाठी दर रांगेमागे अख्खा ऑब्जेक्ट जेसन या मजकुराच्या स्वरूपात उलगडला जात होता. ओळ काढली, यादी पूर्ववत. भांडणही तिथेच मिटलं, आणि मला त्याचंच जास्त समाधान वाटलं.

*

मी आधी नेटहॅक खेळलो, व्हिम हे कोड लिहायचं एडिटर नंतर आलं. नेटहॅक 1987 चा, नुसत्या अक्षरांनी काढलेल्या तळघरांचा खेळ. त्यात एच, जे, के, एल या कळांनी चालायचं. पुढे पहिल्यांदा व्हिम उघडलं, तर बोटं आपोआप चालायला लागली! कारण नंतर कळलं. बिल जॉयने व्हिमचा पूर्वज असलेलं मूळ व्हीआय ज्या एडीएम-3ए टर्मिनलवर लिहिलं, त्याच्या कीबोर्डवर बाण याच चार कळांवर छापलेले होते. एका जुन्या यंत्राची सवय खेळातून माझ्या बोटांत उतरली होती.

व्हिम उघडल्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी एक ओळ दिसते. व्हिमचे कर्ते ब्रॅम मूलेनार 2023 साली गेले. ती ओळ दिसली की अजूनही क्षणभर थांबतो.

*

खेळांचा विषय निघालाय तर पॅकमॅन हवाच. 1980 च्या मूळ यंत्रावर 256 वी पातळी गाठली की उजवा अर्धा पडदा विस्कटतो. पातळीचा आकडा एका बाइटमध्ये ठेवलेला, तो 255 नंतर शून्यावर येतो आणि फळं काढणारा कोड भलतीकडेच लिहीत सुटतो.

लहानपणी वाचलेली ही गोष्ट मला नोकरीत उपयोगी पडली. आमचं एक उपकरण मधूनच गोठायचं. रीस्टार्ट केलं की बरेच आठवडे सुरळीत. मी तारखा मांडल्या, तर दर वेळी अंतर 49 दिवस आणि काही तास. 32 बिटांत मिलिसेकंद मोजले तर काउंटर 49.7 दिवसांनी भरतो! कोडमध्ये 'आत्ताची वेळ मुदतीपेक्षा मोठी आहे का' अशी तुलना होती. तिच्या जागी 'आत्ता वजा सुरुवात' अशी अनसाइन्ड (ऋण आकडे नसलेली) वजाबाकी घातली, की काउंटर शून्यावर आला तरी उत्तर बरोबर येतं. एवढाच बदल. ज्यांच्याकडे 32 बिटांत सेकंद मोजणारा जुना कोड आहे, त्यांनी 19 जानेवारी 2038 ची, म्हणजे तो काउंटर भरायची, वाट न बघता तो आत्ताच तपासावा, ही मनापासून विनंती.

*

एआय वापरते, पण टेस्ट, म्हणजे कोड तपासणारा कोड, आधी माझ्या हाताने लिहून. मग त्याने दिलेला कोड चालतो की नाही, हे टेस्टच सांगते. उलट क्रमाने केलं तेव्हा त्याची चूक टेस्टमध्येही उतरली होती.

*

मला दिसत नाही. माझं अवजार म्हणजे एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारा प्रोग्रॅम. फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि बराचसा पायथनमध्ये लिहिलेला आहे. पायथनमध्ये ओळ किती आत सरकली यावरच सगळं अवलंबून, आणि सुरुवातीला मी दर ओळीला स्पेस मोजत बसायचो. मग सेटिंगमध्ये इंडेंटेशन सुरांतून ऐकायची सोय सापडली. ओळ जितकी आत, तितका सूर वर. आता फंक्शन संपलं की सूर खाली उतरतो आणि कानाला ते आपोआप कळतं. ज्यांनी हे बनवलं त्यांचे उपकार मी विसरू शकत नाही.

*

तुमचं वाचून काल रात्री ती सोय चालू केली आणि माझंच एक जुनं फंक्शन डोळे मिटून ऐकलं. सूर सहा पायऱ्या चढला, आणि खाली यायला बराच वेळ लागला. सकाळपासून ते छोट्या फंक्शनांत फोडायला घेतलंय.