जनरल रॉस स्टेजवर: कोणता रॉस घ्यावा, गणवेश कसा शिवावा?

सात_रस्ता:
कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी हल्कच्या (मार्व्हल कॉमिकमधला शास्त्रज्ञ ब्रूस बॅनर, जो चिडला की महाकाय हिरवा हल्क होतो) गोष्टीतला बारा मिनिटांचा प्रवेश बसवायचा आहे. प्रयोग हुतात्मा स्मृती मंदिरात. हल्कपेक्षा त्याचा पिच्छा पुरवणारा जनरल थॅडियस ‘थंडरबोल्ट’ रॉस मध्यभागी हवा. पण कॉमिकमधला रॉस वेगळा, २००३ च्या सिनेमातला वेगळा, २००८ चा वेगळा आणि २०२५ मध्ये तर तो राष्ट्राध्यक्ष होऊन लाल हल्कच होतो. कोणता धरावा? गणवेश सोलापुरातच शिवायचा आहे. कापड किती, खांद्यावर स्टार किती? आणि शेवटी लाल हल्क कसा दाखवायचा?

विजापूर_वेस:
आधी एकच रॉस पक्का करा. प्रत्येक माध्यमात त्याचं पद बदललंय आणि पदाबरोबर रागाची जातही. १९६२ च्या पहिल्या अंकात स्टॅन ली आणि जॅक कर्बीने त्याला वाळवंटातल्या तळावरचा तापट अधिकारी केलं. गॅमा बॉम्बच्या चाचणीला उशीर होतोय म्हणून तो चिडलेला, आणि ब्रूस बॅनर त्याच्या लेखी नुसता मुळमुळीत माणूस. त्यात आपली मुलगी बेटी याच बॅनरकडे ओढली जातेय. हल्क जन्मायच्या आधीच भांडण तयार आहे, ही त्या लिखाणाची ताकद.

१९७७ च्या टीव्ही मालिकेत रॉस नाहीच. तिथे जॅक मॅकगी नावाचा पत्रकार हल्कच्या मागावर असतो, त्यामुळे लष्कर आणि बाप-लेक हा सगळा ताण गेला. तुमच्या कामाची नाही ती.

माझं मत २००८ च्या सिनेमात रॉस झालेल्या विल्यम हर्टला. कल्व्हर विद्यापीठाच्या हिरवळीवर मारा चालू असतो, बेटी तिथेच असते, हेलिकॉप्टर कोसळतं आणि आगीपासून तिला वाचवतो तो हल्क. रॉस हे डोळ्यांनी बघतो आणि तरी मागे हटत नाही. हाच प्रवेश घ्या. हल्क दाखवायची गरजच नाही: रॉस, वॉकीटॉकी, विंगेतून आवाज आणि प्रकाशाचा एक भपका. रॉसची नजर प्रेक्षकांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर एका ठरलेल्या जागी हवी. ती जागा हलली की हल्क नाहीसा होतो.

पार्क_मैदान:
हर्ट चांगलाच, पण २००३ च्या सिनेमात रॉस झालेला सॅम इलियट सोडू नका. तो ओरडत नाही. मुलीशी बोलतानाही त्याच्यातला अधिकारी सुटत नाही आणि तेच जास्त टोचतं. होतकरू नट रॉस म्हटलं की पहिल्या वाक्यापासून आरडाओरडा करतो. मग आठव्या मिनिटाला आवाज चढवायला जागाच राहत नाही. पहिली सहा मिनिटं इलियटसारखी खालच्या पट्टीत ठेवा, हुकूम छोटे, वाक्य संपल्यावर श्वास. माऱ्याच्या प्रसंगी एकदाच आवाज फुटू द्या. अ‍ॅनिमेशनमधला रॉस आवाजासाठी ऐकायचा तर १९९६ च्या मालिकेत त्याला आवाज देणारा जॉन व्हर्नन ऐका.

जुनी_गिरणी:
गणवेशाचं सांगतो. एका जागी बसून शिवून होईल, गणवेश शिवणारे कारखाने आपल्याकडे ढिगाने आहेत. अमेरिकी लष्कराचा जुना हिरवा कोट एकेरी बटणपट्टीचा, चार बटणं, चार खिसे, कॉलर उघडी, आत फिकट शर्ट आणि काळा टाय. ५८ इंच पन्ह्याचं टेरीकॉट घ्या, कोट-पँट मिळून सव्वातीन मीटर. शाळेच्या गणवेशाचं पातळ कापड घेऊ नका. कोटाचा पुढा लोंबतो आणि जनरल चपराशी दिसतो. पुढ्याला आणि कॉलरला बकरम (आतून लावायचं ताठ कापड), खांद्यात पॅड हवेतच.

स्टार: कॉमिकमध्ये तो लेफ्टनंट जनरल, म्हणजे अमेरिकी पद्धतीने प्रत्येक खांद्यावर तीन, एकूण सहा, चंदेरी, एका ओळीत. पण मेख इथेच आहे. आपल्याकडे तीन स्टार म्हणजे सैन्यात कॅप्टन आणि पोलिसांत पीआय, म्हणजे निरीक्षक! सोलापूरचा प्रेक्षक तेच वाचणार. म्हणून रॉस येण्याआधी शिपायाच्या तोंडी ‘जनरलसाहेब’ हा शब्द टाका.

भारतीय सैन्याचं कोणतंही चिन्ह किंवा फीत लावू नका, आणि त्या वेषात नाट्यगृहाबाहेर फिरू नका. सैनिक असल्याचा समज व्हावा म्हणून तसा वेष घालणं हा गुन्हा आहे.

सात_रस्ता:
मिशीचं काय? आमच्या नटाला मिशी नाही.

जुनी_गिरणी:
क्रेप (मेकअपचे खोटे केस) आणि स्पिरिट गम (ते त्वचेला चिकटवायचा डिंक). क्रेप ओला करून इस्त्रीने सरळ करा, नाहीतर मिशी लोकरीसारखी फुगते. ओठावरची जागा दाढी करून कोरडी करा, गम लावून मिनिटभर चिकट होऊ द्या, मग ओठाच्या कडेपासून वर नाकाकडे थर चढवा. आधी लांब ठेवा, चिकटल्यावर कात्रीने आकार द्या. घाम नाकाखाली आधी येतो, म्हणून दर प्रवेशाआधी कोपरे दाबून बघा. काढताना ओढू नका, खोबरेल चोळून सोडवा.

नेपथ्य_मागे:
लाल हल्क २००८ च्या कॉमिकमध्ये आला आणि तो रॉस आहे हे २०१० मध्ये उघड झालं. त्याला मिशी नाही, डोळे पिवळे, आणि चिडला की अंग तापतं. २०२५ च्या सिनेमात हॅरिसन फोर्डचा रॉस आधीच बिनमिशीचा असतो. तेव्हा शेवट लाल हल्कवर हवा असेल तर तोच रॉस धरा. हर्टची मिशी आणि फोर्डचा लाल अवतार यांची सरमिसळ जाणकारांना लगेच खटकेल.

रंगांतर एका नटावर होणार नाही. पाण्यात विरघळणारा लाल रंग चेहरा-हातांवर नीट बसायला वीसेक मिनिटं लागतात. सिनेमात तो पत्रकार परिषदेत बदलतो, त्याचा फायदा घ्या: चार फूट उंच, अडीच फूट रुंद पोडियम ठेवा, मागे दुसरा, अंगाने दांडगा नट रंगवून बसवा. आठ सेकंद काळोख, पहिला खाली, दुसरा वर. दुसऱ्याच्या कोटाची पाठ कच्च्या टाक्याने जोडा, ताण दिला की फाटते. वेल्क्रो नको, त्याचा चर्र आवाज शेवटच्या रांगेत जातो. कुंकू, पोस्टर कलर चेहऱ्यावर अजिबात नको, डोळ्यांत गेलं तर प्रयोग तिथेच थांबेल.

आणि प्रकाशवाल्याला आधीच सांगा: लाल माणसावर लाल जिलेटिन (दिव्यापुढचा रंगीत कागद) टाकलं की तो फिका पांढुरका दिसतो, हिरवं टाकलं की काळा. समोरून पांढरा, बाजूने थोडा अंबर (पिवळसर नारिंगी), एवढंच.