वर्गातले अवघड प्रश्न: तुमचे अनुभव सांगा

युद्ध, धर्म, निवडणूक, दंगल याबद्दल लहान मुलं विचारतात तेव्हा तुम्ही काय करता? जमलेलं लिहा, फसलेलंही लिहा. सुरुवात मीच करते.

तिसरीला शिकवते. युद्धाच्या बातम्या चालू होत्या. चित्रकलेच्या तासाला एका मुलीनं घर काढलं आणि सगळ्या खिडक्या काळ्या खडूनं गच्च भरल्या. "बाई, विमान इथे येईल?" मी लगेच नकाशा उघडला, सीमा दाखवल्या. तिचं लक्षच नव्हतं. आज रात्री आई जवळ असेल ना, एवढंच तिला हवं होतं. आता मी आधी विचारते, "तू काय ऐकलंस?"

०

माझं फसलेलं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, १९६८ साली, जेन एलियट या अमेरिकन शिक्षिकेनं तिसरीतल्या मुलांना डोळ्यांच्या रंगावरून वेगळं पाडून भेदभाव अनुभवायला लावला होता. तसंच मी चौथीत चिठ्ठ्या टाकून केलं. अर्ध्या वर्गाला पिवळी फीत, रांगेत शेवटी. खेळ संपला तरी एक मुलगा फीत सोडेना. "माझं रोजच असं असतं," म्हणाला. एरवीही त्याच्याशेजारी कोणी बसत नाही, हे मला ठाऊक होतं. तो प्रयोग पुन्हा केला नाही, कोणी करूही नये असं मला वाटतं.

०

सहावीची मुलं हमखास विचारतात, "सर, तुम्ही कोणाला मत दिलं?" मी सांगत नाही, पण का सांगत नाही ते सांगतो. राजकारण वर्गात कसं शिकवावं यावर १९७६ साली जर्मनीतल्या बॉयटेल्सबाख या गावी तज्ज्ञांची बैठक झाली; तिच्यातून जी सूत्रं निघाली, त्यांचा मला फार आधार वाटतो: मुलांवर मत लादायचं नाही आणि समाजात ज्यावर वाद आहे ते वर्गातही वादाचं म्हणूनच मांडायचं. मात्र एखाद्याला माणूस म्हणून कमी लेखणं हा वादाचा विषय नव्हे. एकानं घरून ऐकलेली शिवी वर्गात दिली. "बाबा म्हणतात." मी म्हटलं, "बाबांबद्दल मी काही बोलणार नाही. हा शब्द या खोलीत चालणार नाही." तो हिरमुसला, पण दुसऱ्या दिवशी पुढच्या बाकावर येऊन बसला.

०

आमच्याकडे पालकांच्या तक्रारीच्या भीतीनं असे विषयच बंद. मग मुलं मोबाईलवर पाहिलेलं मधल्या सुट्टीत एकमेकांना सांगतात, तेही तिखटमीठ लावून.

०

आधी पालकांना दोन ओळींची चिठ्ठी पाठवा. आमच्याकडे तक्रारी निम्म्यावर आल्या.

०

स्थलांतराचा धडा होता. वर्गात निर्वासित कुटुंबातली एकच मुलगी. वरचा पिवळ्या फितीचा अनुभव वाचून ती आठवली. धड्याआधी मी तिला बाजूला घेतलं, "तुला काही सांगायचंय का सगळ्यांना?" ती म्हणाली, "नको. फक्त तो शब्द आला की माझ्याकडे बघू नका."

मी बघत होते, हे मला माहीतच नव्हतं.