2009 चा स्वाइन फ्लू : विमानतळावरच्या तपासणीने नेमके काय साधले?

पर्णकुटी (धागा सुरू करताना)

2009 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात महापालिकेच्या एका रुग्णालयाबाहेर, तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन, तोंडावर रुमाल बांधून मी साडेतीन तास रांगेत उभी होते. आत गेल्यावर पहिला प्रश्न विचारला गेला, तो घरातले कोणी परदेशी जाऊन आले आहे का, हा. आमच्याकडचे कोणीच गेले नव्हते. त्याच महिन्याच्या 3 तारखेला शहरातील एका 14 वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला होता आणि तो स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी ठरला होता. तीही परदेशी गेलेली नव्हती. तेव्हापासून मनात घर करून बसलेला प्रश्न येथे मांडते. नव्या विषाणूचा देशोदेशी प्रसार सुरू होतो, त्या पहिल्या काही आठवड्यांत सारे बळ विमानतळावर एकवटणे योग्य आहे काय? माझ्या मते ती चूक आहे, कारण सीमेवर विषाणू सापडतो तेव्हा बहुतेक वेळा तो आत येऊन काही दिवस उलटलेले असतात.

त्या वर्षीचा घटनाक्रमच पाहा. कॅलिफोर्नियातील ज्या दोन मुलांमध्ये स्वाइन फ्लूचा हा नवा एच1एन1 विषाणू प्रथम ओळखला गेला, ती मार्चच्या अखेरीस आजारी पडली होती आणि निदान झाले एप्रिलच्या मध्यावर. दोघांपैकी कोणीही डुकरांच्या संपर्कात आले नव्हते, दोघांचा परस्परांशीही संबंध नव्हता. म्हणजे विषाणू तोवर माणसामाणसांतून फिरू लागला होता. 23 एप्रिलला मेक्सिकोतील रुग्णांच्या नमुन्यांतही तोच विषाणू असल्याचे कॅनडातील विनिपेगच्या प्रयोगशाळेने सांगितले आणि 25 एप्रिलला जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. तोपर्यंत न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील एका शाळेत मुले मोठ्या संख्येने तापाने आजारी पडली होती, त्यांतील काही मेक्सिकोत सुटी घालवून आली होती. आणि ऑकलंडच्या एका शाळेचा गट मेक्सिकोहून न्यूझीलंडला परतला होता. आदल्या वर्षी मार्च आणि एप्रिल या दोनच महिन्यांत मेक्सिकोतून सुमारे 23.5 लाख प्रवासी विमानाने 164 देशांतल्या 1018 शहरांत गेले होते. ज्याला अजून ताप आलेला नाही, पण जो उद्या येणाऱ्या तापाचा विषाणू घेऊन चालला आहे, अशा प्रवाशाला थर्मल स्कॅनर ओळखू शकत नाही. लक्षणे दिसायला एक ते चार दिवस लागतात, आणि विमान एका दिवसात जगाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते.

सागरवेळ

आपला अनुभव मी नाकारत नाही, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. सीमेवर रोखणे निष्फळ असते असे म्हणणाऱ्यांनी 1918 सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीतली, पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटे आठवावीत. त्या वर्षी ऑकलंडहून निघालेले 'टॅल्यून' हे जहाज 7 नोव्हेंबरला पश्चिम सामोआतील आपिया बंदरात लागले. जहाजावर इन्फ्लुएंझाचे रुग्ण असतानाही प्रवाशांना उतरू दिले गेले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत सुमारे 8,500 माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या एक पंचमांशाहून अधिक, मृत्युमुखी पडली. शेजारच्या अमेरिकन सामोआत राज्यपाल जॉन पॉयर यांनी बाहेरून येणाऱ्या जहाजांना सक्तीचे विलगीकरण लावले, आणि चोरून येणाऱ्या होड्या परतवण्यासाठी स्थानिक लोक किनाऱ्यावर गस्त घालत राहिले. तिथे या साथीने एकही मृत्यू झाला नाही. वंश तोच, भाषा तीच, हवामानही तेच. फरक होता तो बंदरावर घेतलेल्या निर्णयाचा.

ती बेटे होती, असे आपण म्हणाल. मग 2009 चे हाँगकाँग घ्या. 1 मे रोजी मेक्सिकोहून शांघायमार्गे आलेल्या एका तरुणाला लागण झाल्याचे निष्पन्न होताच, तो उतरला होता ते हॉटेल सरकारने बंद केले आणि सुमारे 300 पाहुण्यांना व कर्मचाऱ्यांना सात दिवस आतच ठेवले. कुठून संसर्ग झाला हे सांगता न येणारा पहिला स्थानिक रुग्ण तिथे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सापडला. सुमारे सहा आठवडे मिळाले. भारतातही पहिला रुग्ण मे महिन्याच्या मध्यावर हैदराबादला सापडला, तो न्यूयॉर्कहून आलेला तरुण होता आणि विमानतळावरच हेरला गेला. आपण ज्या रांगेत उभ्या होता ती ऑगस्टमधली. मधले अडीच महिने आपोआप मिळाले, असे मला वाटत नाही.

ओसाकाकर

मी त्या वर्षी नोकरीनिमित्त ओसाकात होतो, म्हणून जे जवळून पाहिले ते सांगतो. एप्रिलच्या अखेरीपासून मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडातून येणारी विमाने जपानमध्ये उतरली की संरक्षक पोशाखातील अधिकारी आणि डॉक्टर विमानात चढत आणि प्रत्येक प्रवाशाची विचारपूस करत. दूरदर्शनवर दिवसभर तीच दृश्ये असत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात कॅनडाहून परतलेले ओसाकातील काही विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक नारिता विमानतळावर बाधित आढळले, तेव्हा ही पद्धत यशस्वी झाली असे सर्वांना वाटले. त्यानंतर आठवडाभरातच, 16 मे रोजी, कोबेतील एक विद्यार्थी बाधित असल्याचे जाहीर झाले. तो कधीच परदेशी गेला नव्हता. एका स्थानिक डॉक्टरने, तपासणीसाठी घातलेली परदेश प्रवासाची अट पूर्ण होत नसतानाही, शंका येऊन त्याचा नमुना तपासायला दिला, म्हणून ते कळले. लगेच शोध घेतला तर ओसाका आणि ह्योगो प्रांतांतील शाळांमधून रुग्ण निघत गेले, म्हणजे विमानतळावर सगळे लक्ष लागलेले असताना वर्गांमध्ये साथ पसरत होती.

मात्र त्यापुढचा भाग कमी सांगितला जातो. दोन्ही प्रांतांतल्या शाळा सुमारे आठवडाभर बंद ठेवल्या आणि मेअखेरीस तिथले रुग्ण स्पष्टपणे घटले. दुकानांतले मास्क संपले, रस्ते ओस पडले, पण साथ काही काळ मागे हटली. हे साधले ते वस्तीत घेतलेल्या उपायांनी. डॉक्टर मर्यादित असतात, आणि जे विमानात चढले ते दवाखान्यात नव्हते.

रानजाई

या चर्चेत मेक्सिकोची बाजू कोणीच मांडलेली नाही. त्या देशाने नमुने पाठवले, आकडे जाहीर केले, राजधानीतील शाळा बंद केल्या आणि मेच्या पहिल्या पाच दिवसांत अत्यावश्यक नसलेले सारे व्यवहार थांबवले. त्याच्या पदरात काय पडले? क्यूबा आणि अर्जेंटिना यांनी त्याची विमाने बंद केली. चीनने लक्षणे नसलेल्या मेक्सिकन नागरिकांनाही हॉटेलांत डांबले आणि त्यांना परत आणण्यासाठी मेक्सिकोला स्वतंत्र विमान पाठवावे लागले. डुकराच्या मांसातून हा आजार पसरत नसतानाही अनेक देशांनी मांसाची आयात रोखली. इजिप्तमध्ये तर एकही रुग्ण नसताना देशातली डुकरे मारण्याचा हुकूम निघाला, आणि कैरोतला कचरा वेचून त्यावर डुकरे पाळणाऱ्या गरीब कुटुंबांचा संसार त्यात बुडाला.

इतके करून मिळाले काय, तर त्या काळात मेक्सिकोची आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक सुमारे 40 टक्क्यांनी घटली, आणि नंतरच्या एका अभ्यासानुसार विषाणू इतर देशांत पोहोचायला त्यामुळे सरासरी तीन दिवसांहूनही कमी उशीर झाला. जो देश प्रथम खरे बोलतो त्याला शिक्षा होणार असेल, तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल. माझ्या दृष्टीने हे नुकसान तीन दिवसांच्या लाभाहून फार मोठे आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेने करोनाच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराची माहिती तातडीने जगाला दिली आणि दोनच दिवसांत तिच्यावर प्रवासबंदी लादली गेली. नेदरलँड्समध्ये मात्र त्या घोषणेच्याही आधी घेतलेल्या नमुन्यांत ओमायक्रॉन नंतर सापडला.

सागरवेळ

मेक्सिको आणि दक्षिण आफ्रिकेवर अन्याय झाला, याविषयी माझे दुमत नाही, आणि कचरावेचकांच्या डुकरांचा तर विमानतळाशी काही संबंधच नाही. परंतु आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करत आहात. एकाच देशावर बंदी घालणे, येणाऱ्या प्रत्येकाचे तापमान मोजणे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला काही दिवस वेगळे ठेवणे, हे तीन निराळे उपाय आहेत. पहिले दोन दुबळे आहेत, हे मी मान्य करतो. वाहतूक 40 टक्क्यांनी घटली ती बहुतांशी लोक घाबरले म्हणून, आणि उरलेले 60 टक्के प्रवासी फिरतच राहिले. अर्धवट लोटलेल्या दारावरून बंद दाराची पारख होत नाही. सामोआत तिसरा उपाय झाला होता, आणि न्यूझीलंडने मार्च 2020 मध्ये परदेशी नागरिकांना प्रवेश बंद करून पुढे परतणाऱ्या स्वकीयांना दोन आठवडे विलगीकरणात ठेवले, तोही तिसराच. तिथे लस येईपर्यंत मृत्यू फारच थोडे राहिले. साथ लांबवून मिळालेल्या वेळाचे मोल, तेवढ्यात लस हाती येते का, यावरून ठरते.

पर्णकुटी

लशीचा मुद्दा आपण काढलात, म्हणून त्याच कसोटीवर आपले अडीच महिने तपासून पाहते. भारतात तयार झालेल्या लशी बाजारात आल्या 2010 च्या मध्यावर, पुण्यात बनलेली नाकातून द्यायची लस त्या जुलैत. म्हणजे लशीपर्यंत पोहोचायला मे ते ऑगस्ट हा उशीर पुरेसा नव्हताच. त्या काळात गल्लीतल्या डॉक्टरांना कोणता ताप संशयास्पद मानायचा, नमुना कुठे पाठवायचा आणि टॅमिफ्लू हे फ्लूवरचे औषध केव्हा द्यायचे हे नीट सांगितले गेले असते, तर तो काळ सत्कारणी लागला असे मी म्हटले असते. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ज्या शहरात आहे, त्याच शहरात आम्ही तासन्तास रांगेत उभे होतो.

आणि 2020 मध्येही हेच घडले. महाराष्ट्रातले करोनाचे पहिले रुग्ण 9 मार्चला पुण्यात आढळले, ते 1 मार्चला दुबईहून परतलेले दांपत्य. सर्व देशांतून येणाऱ्यांची तपासणी सुरू झाली 4 मार्चला. ते ज्या दिवशी उतरले, त्या दिवशी तपासणी करायच्या देशांच्या यादीत दुबई नव्हती.

सागरवेळ

मग दोष यादीचा आहे, सीमेचा नव्हे. केरळमध्ये वुहानहून परतलेली विद्यार्थिनी 30 जानेवारीला बाधित आढळली, त्याच दिवसापासून परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाला, देश कोणताही असो, चौदा दिवस घरी थांबवून रोज विचारपूस केली असती, तर ते दांपत्य निसटले नसते.

पर्णकुटी

ही विचारपूस करायला जाणार कोण, एवढेच सांगा. महापालिकेच्या दवाखान्यातल्या परिचारिका आणि आरोग्यसेविकाच ना? त्यांची संख्या वाढवा, त्यांना प्रशिक्षण द्या, एवढीच माझी पहिल्यापासूनची मागणी आहे; मग त्यांना प्रवाशांच्या दारीही पाठवा, माझा विरोध नाही. पण स्कॅनर विकत घेण्याच्या आधी त्यांची भरती झाली पाहिजे, आणि तापाने फणफणलेल्या मुलाला तपासताना त्यांनी पहिला प्रश्न प्रवासाचा विचारता कामा नये.