मदत हवी आहे: बोंडअळी बीटीला सरावली, की आधीच तशी होती?

नमस्कार मंडळी. दहावीला उत्क्रांती शिकवतेय. जिराफाची मान पुरे झाली. आमची पोरं कपाशीच्या रानातली, म्हणून गुलाबी बोंडअळी घेतली.

बीटी कापूस, म्हणजे जिवाणूचं जनुक घातल्यामुळे अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारा कापूस, आपल्याकडे २००२ मध्ये आला. त्यातलं क्राय१एसी हे विष अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन प्रथिनाला चिकटतं. त्या प्रथिनाच्या जनुकात उत्परिवर्तन असलं, की विष नीट चिकटत नाही, अळी वाचते. बाकीच्या मरतात, हिचा वंश वाढतो. २००६ पासून दोन विषांचं बियाणं आलं, तरी २०१७ ला विदर्भात बोंड फोडलं की आत अळी! पण पोरं (आणि त्यांचे वडीलही) म्हणतात, "विष खाऊन खाऊन अळी सरावली." उत्परिवर्तन गरज बघून होत नाही, हे त्यांना पटेल असं कसं दाखवू?

आणखी एक. पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं यायचं, कडेनं लावायला. लावलं किती जणांनी, ते विचारूच नका. प्रतिकार हा अप्रभावी (रिसेसिव्ह) गुण, म्हणून वाचलेल्या अळ्यांपासून झालेल्या पतंगांचं तिथल्या साध्या पतंगांशी मीलन झालं की पिल्लं पुन्हा विषाला बळी पडतात. हे मेंडेलच्या चौकटीत मांडलेलं कुणाकडे आहे का? सरकी किंवा मणी घेऊन वर्गात करता येईल असा खेळ असला तर फारच बरं.